पहिलीसाठी शाळा: मागच्या गल्लीतली की बसची?

बी-३०४: नमस्कार, जरा सल्ला हवाय. ओवी जूनमध्ये पहिलीत जाईल. मागच्या गल्लीतल्या मराठी शाळेत प्रवेश मिळतोय. चौथीपर्यंतच आहे, एकच तुकडी, पहिलीत १९ मुलं. दुसरी मुलुंडची मोठी. पहिलीच्याच ६ तुकड्या, एकेकीत ४५, मैदान छान, थेट दहावीपर्यंत. घरात दोन पक्ष पडलेत आणि माझं रोज मत बदलतंय.

ए-१०२: मोठीच घ्या. चौथीनंतर पाचवीच्या प्रवेशासाठी पुन्हा दारोदार फिरायचं का? आम्ही फिरलोय.

सी-५०१: बस किती वाजता?

बी-३०४: शाळा ९ ला, बस ७:५० ला. भांडुप ते मुलुंड किती ते अंतर! पण एलबीएस रोडवरून सगळ्यांना गोळा करत जाते. परत यायला सव्वाचार.

सी-५०१: आमचा धाकटा पहिलीत असताना बसमधून झोपलेलाच उतरायचा. मोजे काढेपर्यंत पुन्हा झोप. मग मैदान कितीही मोठं असो.

ए-७०४ (जोशी काका): मी ३१ वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच पहिलीला. ४५ वह्या तपासून बघा. वहीला एक मिनिट धरा, पाऊण तास गेला. तास ३५ मिनिटांचा. बाई चांगल्या असल्या तरी करणार काय? आणि पहिलीत नुसती वही बघून भागत नाही, हात बघावा लागतो. पोर 'म' खालून वर काढतं की वरून खाली, ते लिहिताना शेजारी उभं राहिलं तरच कळतं.

ए-१०२: काका, कायद्यात ३० ला एक शिक्षक आहे ना?

ए-७०४ (जोशी काका): २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तसं आहे. पण पट २०० च्या वर गेला की ४० पर्यंत चालतं. म्हणजे शाळा मोठी तशी सूटही मोठी.
आता छोटीचंही ऐका. १९ वर खूश होऊ नका, पूर्ण शाळेचा पट विचारा. ६१ ते ९० मुलं असली तर कायद्याप्रमाणे शिक्षक ३ आणि वर्ग ४. म्हणजे कुठलेतरी दोन वर्ग एका खोलीत. त्यात एखाद्या बाईंना निवडणुकीचं काम लागलं की झालंच.

सी-५०१: काका, एवढं मोठं टाइप कसं करता?

ए-७०४ (जोशी काका): बोलतो. फोन लिहितो. 'पट'चं 'पोट' करतो, ते मग निस्तरत बसतो.

बी-२०१: आणखी एक. माझ्या मोठीच्या वर्गात मुली ५ च होत्या. त्यातल्या दोघींशी बिनसलं आणि चौथीपर्यंत डबा एकटीने खाल्ला. मोठ्या शाळेत निदान तुकडी बदलून मागता येते. हे कोणी सांगत नाही.

बी-३०४: हे डोक्यातच आलं नव्हतं ताई. उद्या शाळेत जाऊन विचारते.

*गुरुवार*

बी-३०४: जाऊन आले. पट ७४, शिक्षक ३. तिसरी-चौथी एकत्र बसते, पहिली स्वतंत्र. मुली ८. बाईंनी ओवीच्या हातात खडू दिला आणि पाटीवर काहीही काढ म्हणाल्या. तिने मांजर काढलं. बाई मांजराकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त बघत होत्या. मग म्हणाल्या, खडू मुठीत धरते, दोन महिन्यांत सुटेल.

ए-७०४ (जोशी काका): मग ठरलं की.

बी-३०४: हे म्हणतायत पहिली-दुसरी इथे, तिसरीला मुलुंड.

ए-१०२: वहिनी, तिसरीला तिथे जागा असेल का? मधल्या वर्गात कोणी सोडून गेलं तरच घेतात.

बी-३०४: तेच. त्यांची फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. सकाळी फोन करून विचारते, गेल्या वर्षी तिसरीत किती नवीन मुलं घेतली.