चव्वेचाळिसाव्या वर्षी छोटं विमान चालवायला शिकावं का? (न्यू जर्सी)

पार्लेकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मनात घोळणारी गोष्ट आज विचारतोय. मी पार्ल्यात वाढलो. जुहू विमानतळ घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. फ्लाइंग क्लबची छोटी विमानं डोक्यावरून जायची आणि बाबा न चुकता सांगायचे, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन इथंच उतरले होते. तेव्हापासूनचं हे वेड. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, इकडे येणं, मुली, घराचं कर्ज, यात ते मागे पडलं.

आता वय ४४. एडिसनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. धाकटीही हायस्कूलला गेली, त्यामुळे शनिवार-रविवार थोडे मोकळे मिळतात. पोटापाण्यासाठी नाही, निव्वळ हौस म्हणून शिकायचंय. खर्च खरोखर किती येतो? रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, ती आड येईल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न घरचा. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी ज्युनिअर स्वतः छोटं विमान चालवताना गेला, त्या अपघाताबद्दल बायकोने वाचलंय. "इंजिन बंद पडलं तर?" याच्या पुढे आमचं बोलणं जात नाही. कुणी प्रत्यक्ष शिकलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ

पार्लेकर, जरूर शिका. मी सांगलीचा, जर्सीत वीस वर्षं झाली. शेहेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, २०१८ मध्ये लायसन्स हातात पडलं. त्यानंतर जमेल तसं दर पंधरवड्याला उडतो. तुमचे प्रश्न वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं, म्हणून जरा लांबण लागेल.

पैसे भरण्याआधी मेडिकल. एफएएचं (इथलं विमान वाहतूक खातं) थर्ड क्लास मेडिकल, म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र लागतं, चाळिशीनंतर ते २४ महिने चालतं. रक्तदाबाच्या गोळीने सहसा अडत नाही, तपासणीच्या वेळी १५५/९५ च्या आत असावा लागतो. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो : ऑनलाइन अर्ज भरण्याआधी विमानवैद्यकाच्या डॉक्टरांना नुसतं भेटून सगळे कागद दाखवा, औषधांची नावं सांगा. अर्ज एकदा दाखल झाला आणि नकार आला तर मागे फिरता येत नाही. दुसरं, नागरिकत्व नसेल तर ग्रीन कार्डवाल्यांनाही टीएसएची (इथलं वाहतूक सुरक्षा खातं) मंजुरी लागते. ती हातात आल्याशिवाय धडे सुरू होत नाहीत, म्हणून तो अर्ज लवकर टाका.

आता पैसा. कायद्याने किमान ४० तास उड्डाण हवं : त्यात किमान २० इन्स्ट्रक्टरबरोबर आणि १० एकट्याने. चाळीस तासांत आटोपणारे थोडे. मला ६८ तास लागले. तेव्हा विमानाचं भाडं तासाला १५० डॉलर होतं, इन्स्ट्रक्टरचे ६० वेगळे. हेडसेट, मेडिकल, परीक्षकाची फी धरून पंधरा हजार डॉलरच्या आसपास गेले. आज भाडी त्याहून चढी आहेत. माझं स्पष्ट मत असं की सगळी रक्कम बाजूला काढून मगच सुरुवात करावी आणि आठवड्यातून दोनदा उडावं. महिन्यातून एकदा गेलात तर दर वेळी मागचाच धडा गिरवत बसाल. माझ्याबरोबरच्या दोघांनी पैसे पुरेनात म्हणून मधे सहा महिने सोडलं, ते परत आलेच नाहीत. हात चांगला होता हो दोघांचा.

सोलोबद्दल, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही. इन्स्ट्रक्टरने तीन लँडिंग बघितली, धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावलं आणि दार उघडून तो उतरला. उजवी सीट रिकामी. एक माणूस कमी झाल्यावर विमान इतकं हलकं होतं की चाकं माझ्या अंदाजाच्या कितीतरी आधी सुटली. धावपट्टीभोवतीची फेरी पुरी करून उतरलो तेव्हा तो कात्री घेऊन उभा. पहिल्या सोलोनंतर शर्टाची मागची बाजू कापायची इथे पद्धत आहे. जुन्या विमानांत गुरू मागच्या सीटवर बसायचा आणि शिष्याचा शर्ट ओढून त्याचं लक्ष वेधायचा, आता ओढायची गरज उरली नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या अंगात आईने सांगलीहून शिवून पाठवलेला शर्ट होता. तो म्हणाला, हा राहू दे, दुसरा आण. मी म्हटलं, हाच काप. ते कापड तारीख घालून माझ्या टेबलासमोर लावलंय. आईने मागच्या खेपेला ते हातात घेतलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

पार्लेकर

मनापासून आभार. डॉक्टरांचा सल्ला तर फार मोलाचा, मी थेट अर्जच भरायला निघालो होतो. पण इंजिनाचं काय? बायको शेजारी बसून हे वाचतेय.

कृष्णाकाठ

मग वहिनींसाठीच लिहितो.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. आमच्या क्लबाची सेसना १७२ १९७९ सालची आहे. तिचा वेग ६५ नॉटवर (ताशी साधारण १२० किलोमीटर) धरला की ती तरंगत उतरते, तीन हजार फुटांवरून साधारण चार मैल जाता येतं. शिकताना इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल मागे ओढतो, म्हणजे इंजिनाचा जोर काढून घेतो, आणि विचारतो, आता कुठे उतरशील? इतक्या वेळा ओढतो की खाली सपाट शेत शोधायची डोळ्यांना सवयच लागते. शिवाय इंजिनात दोन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारी यंत्रं) आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. बॅटरी गेली तरी इंजिन चालत राहतं. उडण्याआधी दोन्ही मॅग्नेटो वेगवेगळे तपासून बघायचे असतात.

आणि इंजिनाचा बराचसा बंदोबस्त जमिनीवरच होतो. दर उड्डाणाआधी पंखाखालचा व्हॉल्व्ह दाबून टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. हे पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी त्याहून जड, म्हणून तळाशी बसतं. एकदा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी मी भांडं वर धरलं तर निळ्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा स्वच्छ, रंगहीन थर. दोघांच्या मधली रेघ भांडं हलवलं की डुलत होती. ओतून दिलं, पुन्हा काढलं, पुन्हा पाणी. पंख हलवून पाचव्यांदा काढलं तरी तळाला थेंब होतेच. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं. माझी भाची कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होती, तिचा भारतात परतायच्या आधीचा शेवटचा रविवार. मी विमानाला परत दोर बांधले आणि मेकॅनिकसाठी चिठ्ठी लिहून ठेवली. भाची घरी येईपर्यंत बोलली नाही. वाईट वाटलं, पण तेच पाणी टेकऑफनंतर दोनशे फुटांवर इंजिनात गेलं असतं.

केनेडींचं सांगतो. १६ जुलै १९९९ च्या संध्याकाळी ते निघाले ते आपल्याच एसेक्स काउंटी विमानतळावरून. इंजिन चालू होतं. धुरकट हवा, अंधार, खाली समुद्र, त्यात क्षितिज दिसेनासं झालं. चौकशी अहवालात कारण दिलंय ते दिशाभ्रमाचं. त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी, नव्हतं. डोळ्यांना क्षितिज मिळालं नाही की कानातला तोल खोटं सांगायला लागतो. विमान वळतंय आणि शरीर म्हणतं, सरळ आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असं रेटिंग नसलेल्या वीस वैमानिकांना ढगात सापडल्यासारख्या परिस्थितीत टाकून पाहिलं, वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा गेला. सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

म्हणून वहिनी, इंजिनाची भीती मी समजू शकतो, पण मला स्वतःला भीती वाटते ती "आज पोहोचलंच पाहिजे" याची. २०२१ च्या ऑक्टोबरात बायको आणि मेव्हण्याला घेऊन न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेला गेलो होतो. जाताना पाइन बॅरन्सचं जंगल संपतं आणि डावीकडे समुद्र उघडतो, ते दृश्य मेव्हण्याला दाखवायचंच होतं. तिथल्या जुन्या नौदलाच्या लाकडी हँगरमध्ये विमानांचं संग्रहालय आहे, ते बघितलं, जेवलो. तीन वाजता बाहेर आलो तर डेलावेअर उपसागरावरून धुकं आत सरकत होतं. आधी पलीकडची झाडं गेली, मग धावपट्टीचं टोक. मेव्हण्याचं दुसऱ्या दिवशी रात्री न्यूअर्कहून मुंबईचं विमान, सामान बांधायचं बाकी. आमच्यासमोर एक विमान उडून गेलंसुद्धा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तो गेला की!" त्याच्याकडे रेटिंग असणार, माझ्याकडे नव्हतं. दीड तास थांबलो, धुकं हटेना. भाड्याची गाडी घेऊन रात्री दहाला घरी पोहोचलो, आणि पुढच्या शनिवारी मित्राबरोबर जाऊन विमान आणलं. दोन्ही खेपांचा खर्च, विमान तिथे ठेवायचे पैसे, सगळं पदरचं. त्या दिवशी मेव्हण्याला समजावताना माझा आवाज कापत होता. टेकऑफ-लँडिंग शिकवता येतं, पण घरच्या माणसांसमोर "आज नाही" म्हणणं ज्याचं त्याला शिकावं लागतं. नंतर मी इन्स्ट्रुमेंट रेटिंग घेतलं, तरी "आज नाही" म्हणायची वेळ अजूनही येते.

ग्लायडरवाला

मी पुण्याचा, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये शिकलो. ग्लायडरला इंजिनच नसतं. जमिनीवरच्या विंचच्या (दोर गुंडाळणारं यंत्र) दोराने वर खेचतात, दोर सुटला की पुढे तुम्ही आणि हवा. घारी कुठे गोल फिरतायत ते बघायचं, तिथे गरम हवा वर चढत असते. प्रत्येक लँडिंग एकदाच, परत वर जाऊन दुसरा प्रयत्न नाही, त्यामुळे अंदाज पक्का होतो. न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनला ग्लायडर उडतात. पार्लेकर, वहिनींना एकदा तिथे नेऊन आणा. इंजिनाशिवाय लोक निवांत उतरताना बघितले की अर्धी भीती जाईल.

आणखी एक. भारतात येऊन उडायचा विचार असेल तर तिथल्या विमान वाहतूक खात्याचं, डीजीसीएचं लायसन्स वेगळं लागतं.

निंबोणी

मी वैमानिकाची बायको, आम्ही कनेटिकटला असतो. ताई, तुम्ही वाचताय म्हणून तुम्हालाच लिहिते.

पहिली दोन वर्षं मी फोन हातात धरून बसायचे. मग वैमानिकांच्या जोडीदारांसाठी "पिंच हिटर" नावाचं शिक्षण असतं ते घेतलं. पंख सरळ कसे ठेवायचे, रेडिओवर कुणाला हाक मारायची, गरज पडली तर खाली कसं आणायचं, एवढं शिकले. ते वापरायची वेळ कधी आली नाही, पण आता मी नुसती बसून नसते. दुसरी विमानं शोधते, नकाशा धरते, आणि टेकऑफ-लँडिंगच्या वेळी तोंडातून अक्षर काढत नाही.

आणि एक पथ्य मी पाळते. तो विमान घेऊन बाहेर पडला की "परत किती वाजता येणार?" असं कधी विचारत नाही. स्वयंपाक गरम करता येतो, वाढदिवसाचा केक दुसऱ्या दिवशी कापता येतो. वरच्या कृष्णाकाठ दादांच्या मेव्हण्याचा किस्सा वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या बायकोने त्या दिवशी साथ दिली असणार.

कृष्णाकाठ

निंबोणीताई, दिली. गाडी तिनेच चालवली.

पार्लेकर

सगळं दोघांनी मिळून दोनदा वाचलं. डॉक्टरांची वेळ घेतलीय, औषधांची यादी घेऊन जातोय. बायको म्हणते, आधी एकदा जवळून बघते, मग बोलू. तिच्या तोंडून एवढं पहिल्यांदाच आलंय.

कृष्णाकाठ

मग येत्या शनिवारी सकाळी आठला क्लबावर या, मी पत्ता निरोपात पाठवतो. आठच्या सुमाराला वारा शांत असतो. तुम्ही उजव्या सीटवर, वहिनी मागे. पातळ तळाचे बूट घाला, पायाला पेडल कळलं पाहिजे. शुक्रवारी रात्री मी हवामान बघून फोन करीन, आणि नाही म्हणालो तर त्यापुढचा शनिवार आहेच. वहिनी, विमान तपासताना पेट्रोलचं भांडं तुमच्या हातात देतो. उजेडात धरून तुम्हीच बघा, तुम्ही हो म्हणालात की मगच इंजिन सुरू करू.