सायकलचं हँडल पोटात लागून स्वादुपिंडाला चीर, ऑपरेशन करायचं की थांबायचं? (ठाणे)

कासारवडवलीची आई
मुलगा ९ वर्षांचा. परवा उपवनला सायकलवरून पडला आणि हँडलचं टोक बरोबर बेंबीच्या वर रुतलं, रुपयाएवढा गोल वळ होता बस, रक्तबिक्त काही नाही. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री हिरव्या उलट्या, गुडघे पोटाशी घेऊन पडून होता, पाठ दुखते म्हणत होता. काल अ‍ॅडमिट केलं. सीटीत स्वादुपिंडाला चीर आहे आणि ड्युओडेनमच्या (जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग) भिंतीत रक्ताची गाठ. एक सर्जन म्हणतात आजच उघडू, दुसरे म्हणतात आधी एमआरसीपी (स्वादुपिंडाची नळी दाखवणारा एमआरआय) करू. प्लीज सांगा कोणीतरी, डोकं चालेना झालंय.

नेरूळकर (सर्जरीत आहे)
ताई, बाळाची नाडी, बीपी नीट असेल तर एमआरसीपी करू द्या, तो वेळकाढूपणा नाहीये. स्वादुपिंडाच्या मधून मुख्य नळी जाते, ती शाबूत आहे की तुटली यावर सगळं ठरतं. शाबूत असेल तर इजा ग्रेड १ किंवा २ ची, बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. नळी तुटून चीर स्वादुपिंडाच्या शेपटीकडे, म्हणजे डावीकडच्या निमुळत्या टोकाकडे असेल तर ग्रेड ३, तिथे बरेचदा शेपटीचा तुकडा काढतात, आणि मुलांमध्ये प्लीहा वाचवायचा प्रयत्न करतात. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची, म्हणजे उजवीकडच्या जाड टोकाची चीर सगळ्यात अवघड, कारण पित्तनळी, ड्युओडेनम सगळं तिथेच एकमेकांना चिकटलेलं असतं, तसं निघालं तर स्वादुपिंडाची कामं रोज करणारी टीम बघा.

ड्युओडेनमच्या गाठीने वाट बंद होते म्हणून त्या हिरव्या उलट्या. नाकातून नळी टाकून पोट रिकामं ठेवलं, शिरेतून पोषण दिलं की साधारण २-३ आठवड्यांत ती विरते. फक्त आतडं फुटलेलं नाही ना, आतड्याच्या मागे हवा दिसते का, हे आज स्पष्ट विचारा. पोट फळीसारखं कडक झालं, ताप चढला, नाडी धावायला लागली तर मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही.

कळव्याचा बाबा
आमच्या पोरीचं असंच झालं होतं. पहिल्या दिवशी अमायलेज (स्वादुपिंडासाठीची रक्ततपासणी) नॉर्मल, सीटीही जवळपास साफ, म्हणून आम्ही निर्धास्त, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही बिघडलं.

नेरूळकर
हो, सुरुवातीच्या काही तासांत सीटी फसवतो, अमायलेजही. म्हणून परत परत बघावं लागतं.

कळव्याचा बाबा
महिन्याभराने पोट फुगलं, जठराच्या मागे पाणी साठलेलं, स्यूडोसिस्ट म्हणाले, एंडोस्कोपीने जठरातूनच वाट काढून दिली. त्यामुळे ताई, डिस्चार्जनंतरची सोनोग्राफी चुकवू नका. आणि पाणी मागतो तेव्हा फार जीव तुटतो, ओल्या कापसाने ओठ पुसत राहा, आम्ही रात्रभर तेच करायचो.

कासारवडवलीची आई
एमआरसीपी झाली. नळी शाबूत आहे, हवाही नाही. आज उघडत नाहीयेत. नाकातल्या नळीच्या पिशवीत अजून हिरवं येतंय, दर तासाला लिहून ठेवतेय. कापसाचं केलं, आत्ता झोपलाय.