विषय: वेळणेश्वरच्या परड्यात भाजी आणि द्राक्षाचा वेल

नमस्कार मंडळी,

येत्या दिवाळीनंतर आम्ही दोघं वेळणेश्वरच्या घरी जास्त काळ राहणार आहोत. सासूबाई तिथेच असतात. घरामागे छोटं परडं आहे, विहीर आहे, जुन्या मांडवाचे चिऱ्याचे खांब अजून उभे आहेत. भाजी लावायचीच आहे, पण माझा जीव द्राक्षात अडकलाय. इथे न्यू जर्सीत आमच्या मागच्या कुंपणावर काँकर्ड जातीच्या द्राक्षाचा वेल आहे आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या वासाने अंगण भरून जातं. त्याच्या काड्या नेऊन मांडवावर चढवाव्यात असं मनात आहे. सासूबाईंचं म्हणणं, "कोकणात द्राक्षं होत नाहीत, पडवळ लाव." तिकडे स्थायिक झालेल्यांपैकी कुणी सांगेल का?

– वेळणेश्वरची सून, न्यू जर्सी

---

ताई, नमस्कार.

सासूबाईंचं ऐका, पण अर्धंच. मांडव पडवळाला द्या आणि द्राक्षाला दुसरी जागा शोधा.

काड्या मात्र मुळीच आणू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवान्याशिवाय लागवडीचं साहित्य देशात आणता येत नाही, आणि हा नियम अगदी योग्य आहे. अमेरिकेतून गेलेल्या फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते. शिवाय काँकर्डला पानं गाळून झोपायला कडक हिवाळा लागतो. वेळणेश्वरला तो कुठून आणणार?

आपल्याकडे वेलाला विश्रांती छाटणीनेच द्यावी लागते. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठीची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीत पुढच्या घडांचे डोळे तयार होतात, आणि त्या दिवसांत स्वच्छ ऊन लागतं. कोकणात मृगाचे ढग लवकर येतात, म्हणून आपण खरड छाटणी मार्चअखेरीसच उरकावी. एप्रिल-मेचं ऊन त्या काडीला पुरतं. अडचण एकच, नेमकी तेव्हाच विहीर तळ गाठते. त्या दोन महिन्यांचं पाणी वेलासाठी आधीच बाजूला धरा. ते जमणार नसेल तर वेल लावू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

मग येतो पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात तो ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. उघड्यावरच्या वेलावर केवडा आणि करपा हा बुरशीचा रोग असा उतरतो की श्रावणापर्यंत पान राहत नाही. आणि पान गेलं की काडी पिकत नाही, काडी पिकली नाही की घड नाही. म्हणून वेल घराच्या पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला लावा, वर पारदर्शक पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. पश्चिमेला नको, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. गोडी छाटणी दिवाळीनंतर, परतीचा पाऊस पूर्ण सरल्यावर करा. घड मार्चच्या सुमारास हाताशी येतात.

जात घ्या बंगळूर ब्लू. थॉमसन या बिनबियांच्या जातीपेक्षा ती दमट हवा पुष्कळ सोसते. तिच्यात बिया असतात, साल जाड असते, पण ती काँकर्डच्याच गोत्रातली आहे. तुम्हाला हवा असलेला वास तिच्यात मिळेल. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.

खड्ड्याकडे नीट लक्ष द्या. कातळात खोदलेला खड्डा पावसात हौदासारखा भरतो आणि मुळं कुजतात. त्याला उताराच्या बाजूने चर काढा, नाहीतर सरळ गडग्यालगत मातीचा उंच वरंबा करून त्यावर लावा. आपली तांबडी माती आम्लधर्मी, तिच्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, मुळांना मिळू देत नाही. शेणखत सढळ हाताने घाला, चुलीतली राख थोडी थोडी.

आता भाजी. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेलभाज्यांच्या जाती याच हवेसाठी काढलेल्या आहेत: पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा. बी मृगावर टोचायचं. तुम्ही नोव्हेंबरात येताय, तर आधी वाल, लाल माठ, मुळा, वांगी आणि मिरची लावा. अळू मोरीच्या पाण्यावर बारमाही होतं.

– दापोलीहून काका

---

काकांनी सगळं सांगितलं, पण वानरांचं राहिलं! आमच्याकडे मालवणात कोवळी काकडी आणि वाल ती आधी खातात. द्राक्षाला घड धरल्याबरोबर जाळी लावा, नाहीतर बुलबुल एकही मणी ठेवणार नाहीत. पडवळाच्या टोकाला खडा बांधा म्हणजे ते सरळ वाढतं. फळमाशीने डंख मारलेली फळं परड्यात टाकून देऊ नका, खोल पुरा. वेलभाज्यांच्या माशीसाठी क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा मागा. आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला असतो, त्यात ही माशी येत नाही.

– मालवणची काकू

---

काका, काकू, मनापासून आभार. सासूबाईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. मांडव पडवळाला म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की वेलासाठी न्हाणीघराजवळची पूर्वेची भिंत त्यांनीच सुचवली. एकच शंका: पत्रा असला तरी पावसाळ्यात फवारणी लागेलच ना? सौम्य काय वापरावं?

– वेळणेश्वरची सून

---

ताई, लागेल. एक टक्का बोर्डो मिश्रण पुरेसं आहे. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चांगला कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. लोखंडी भांडं नको. झाल्यावर चाकूचं स्वच्छ पातं थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हातात मोजे, तोंडाला फडकं, आणि शेजारच्या माठाच्या भाजीवर शिंतोडे उडू देऊ नका. हिवाळ्यात पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही ऊन तापायच्या आत.

– दापोलीहून काका