बँकॉकहून एका दिवसात रेल्वेबाजार, तरंगता बाजार आणि अयुथया: गाइडसह सहल घ्यावी का?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. जानेवारीत मी, पत्नी आणि माझे आई-वडील असे चौघे बँकॉकला जात आहोत. शहरातील राजवाडा, वाट फो (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) वगैरे पाहून झाल्यावर एक पूर्ण दिवस हाताशी राहतो. त्या दिवसासाठी सहल कंपन्या एक एकत्रित सहल सुचवतात. सकाळी सातच्या सुमारास हॉटेलवरून निघायचे, रुळांवर भरणारा मेक्लाँगचा बाजार पाहायचा, तिथून दाम्नन सादुआकच्या तरंगत्या बाजारात होडीतून फिरायचे, दुपारनंतर अयुथया या जुन्या राजधानीतील मंदिरांचे अवशेष पाहायचे आणि सायंकाळी परतायचे, असा तिचा आराखडा आहे. गाडी, गाइड आणि एक जेवण त्यात धरलेले असते.

वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांचा सारा ओढा अयुथयाकडे आहे, तर आईला बाजार पाहायचे आहेत. तिचे गुडघे दुखतात आणि ती कांदा-लसूणही खात नाही. अशा परिस्थितीत ही सहल घेणे शहाणपणाचे ठरेल का, गाइडसाठी मोजलेले पैसे सार्थकी लागतात का, आणि काही वगळायचेच झाल्यास काय वगळावे, याविषयी प्रत्यक्ष जाऊन आलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

रूळवाट

आपण आधी नकाशा उघडून पाहावा, म्हणजे निम्मे उत्तर मिळेल. मेक्लाँग हे बँकॉकच्या नैऋत्येला सुमारे 80 किलोमीटरवर, समुत सोंगख्राम प्रांतात आहे. दाम्नन सादुआक तिथून जवळच, शेजारच्या राचाबुरी प्रांतात आहे. अयुथया मात्र बँकॉकच्या उत्तरेला, तेही सुमारे 80 किलोमीटरवर आहे. म्हणजे दोन्ही बाजार एका दिशेला आणि अवशेष जवळजवळ विरुद्ध दिशेला असून, एकत्रित सहलीत दिवसभरात तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास गाडीत बसून होतो. जाहिरातीत तिन्ही ठिकाणांची छायाचित्रे शेजारी शेजारी असतात, पण मधले रस्ते काही त्यात दिसत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची आहे. मेक्लाँगचा बाजार रोजच असतो, परंतु लोक तिथे जातात ते बाजारातून जाणारी रेल्वेगाडी पाहायला, आणि ती दिवसातून मोजक्याच वेळा येते. सकाळी साडेआठच्या सुमारास एक गाडी येते आणि नऊच्या सुमारास परत जाते. पुढची अकरानंतर येते. (वेळापत्रक अधूनमधून बदलते, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावे.) दाम्नन सादुआकचा बाजार सकाळचा असून दुपारपर्यंत ओसरतो. त्यामुळे प्रत्येक एकत्रित सहल बाजारांपासूनच सुरू होते आणि अयुथया शेवटी येते. आपल्या वडिलांना ज्या ठिकाणी सर्वाधिक वेळ हवा आहे, तिथे ते सर्वाधिक दमलेल्या अवस्थेत, उन्हाच्या वेळी आणि अवघ्या दीड-दोन तासांसाठी पोहोचतील.

माझे मत असे की, दिवस एकच असेल तर अयुथया किंवा बाजार यांपैकी एकच निवडावे. शहरातील एखादा दिवस आटोपशीर करून दोन वेगळे दिवस काढता आले, तर सर्वांत उत्तम.

पडकी वास्तू

रूळवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. गाइडविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे कुठे खर्च करावेत हा प्रश्न त्यावरच ठरतो. बाजार पाहायला गाइड लागत नाही. डोळे आणि नाक पुरेसे असतात. अयुथयाचे तसे नाही. तिथे चांगल्या गाइडविना गेलेला माणूस दोन मंदिरे पाहून झाल्यावर ‘सगळीकडे विटांचे ढिगारेच आहेत’ असे म्हणू लागतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

हे शहर इ. स. 1351 च्या सुमारास राजा रामाधिपती पहिला याने राजधानी म्हणून वसवले. शहराचे नाव आपल्या अयोध्येवरून घेतलेले आहे. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पासाक या तीन नद्यांनी वेढलेल्या बेटावर ते उभे राहिले आणि चारशेहून अधिक वर्षे सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी राहिले. 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने ते जिंकून जाळले. आपल्याकडे तेव्हा थोरल्या माधवरावांची पेशवाई चालू होती, एवढे सांगितले की आपल्या वडिलांच्या मनात काळ पक्का बसेल. त्यानंतर राजधानी दक्षिणेला सरकली, आणि बँकॉकच्या बांधकामासाठी इथल्या विटाही नदीवाटे नेण्यात आल्या. म्हणजे आज जे पडके दिसते, ते सगळेच काही ब्रह्मी सैन्याने पाडलेले नाही. नंतरच्या काळात गुप्तधन शोधणाऱ्यांनी आणि मूर्तींच्या व्यापाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. बुद्धमूर्तींच्या रांगाच्या रांगा शिरविरहित दिसतात त्यामागे ही सारी कारणे आहेत, पण घाईतला गाइड त्यांतले एकच सांगतो.

बांधकाम प्रामुख्याने विटांचे असून त्यावर चुन्याच्या गिलाव्याचे नक्षीकाम होते. गिलावा गळून पडला आणि आतला सांगाडा उरला. वेरूळ किंवा अंबरनाथ पाहिलेल्या माणसाची नजर इथे दगडातले शिल्प शोधत राहते आणि निराश होते. गाइडने सुरुवातीलाच दोन आकार ओळखायला शिकवले पाहिजेत. एक म्हणजे ‘प्रांग’, कंबोडियाच्या ख्मेर परंपरेतून आलेला, कणसासारखा उभा मनोरा. आणि दुसरा ‘चेदी’, श्रीलंकेच्या वळणाचा, घंटेच्या आकाराचा स्तूप. हा फरक कळला की कोणते मंदिर कोणाच्या प्रभावाखाली बांधले गेले, हे आपले आपल्यालाच दिसू लागते.

वाट महाथात हे मुळांच्या जाळ्यात अडकलेल्या बुद्धशिरामुळे सर्वांना ठाऊक असते. तिथे छायाचित्र काढताना खाली बसावे लागते, कारण आपले डोके बुद्धाच्या डोक्यापेक्षा उंच असणे अनादराचे मानले जाते. पहारेकरी तशी सूचना देतात. आपल्या मातोश्रींना गुडघ्यांमुळे ते जमणार नसेल, तर त्यांनी मागे उभे राहून नुसते दर्शन घ्यावे. बहुतेक सहली या शिरापाशी बराच वेळ घालवतात आणि अगदी समोरच असलेले वाट राचाबुराना टाळतात, ही मला फार खटकणारी गोष्ट आहे. गादीसाठी दोन राजपुत्र हत्तीवरून लढले, दोघेही मेले, आणि गादीवर आलेल्या तिसऱ्या भावाने त्यांच्या दहनस्थळी 1424 मध्ये हे मंदिर बांधले, अशी त्याची कथा आहे. 1957 मध्ये चोरांनी त्याच्या प्रांगखालचे तळघर फोडले. त्यातून वाचलेले सोन्याचे दागिने, राजचिन्हे आणि रत्नजडित तलवार आज तिथल्याच चाओ साम फ्राया संग्रहालयात आहेत. आपल्या वडिलांसाठी हे संग्रहालय चुकवू नये. फक्त ते कोणत्या वारी बंद असते, हे आधी पाहून घ्यावे.

वाट फ्रा सी सान्फेत हे राजवाड्याच्या आवारातले मंदिर होते आणि तिथे भिक्षू राहत नसत. बँकॉकच्या राजवाड्यातील पाचूच्या बुद्धाचे मंदिर याच प्रथेने बांधलेले आहे. आपण ते आधी पाहणार असल्यामुळे, इथले तीन चेदी पाहताना मूळ आवार कसे असेल याची कल्पना करणे सोपे जाईल. उंच पायऱ्या चढण्याची कुठेही सक्ती नाही आणि बरेचसे आवार सपाट आहे, परंतु सावली कमी आहे.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. थायलंडमध्ये गाइडचा व्यवसाय कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे आणि गाइडकडे शासकीय परवान्याचे ओळखपत्र असावे लागते. त्यामुळे आपल्याकडून जाणारा मराठी सहल व्यवस्थापक सोबत असला, तरी अवशेषांची माहिती स्थानिक गाइडनेच द्यायची असते. सहल ठरवताना ‘गाइड अयुथयात आपल्याबरोबर मंदिरांत आत येणार, की गाडीपाशी उभा राहून चाळीस मिनिटांनी भेटा असे सांगणार?’ हा प्रश्न लेखी विचारून ठेवावा.

मांडवीकाठ

वरील प्रतिसादात एक भर घालतो, कारण ती आम्हा गोवेकरांच्या जिव्हाळ्याची आहे. अयुथया बेटाच्या दक्षिणेला, नदीच्या पलीकडच्या काठावर पोर्तुगीज वसाहतीचे अवशेष आहेत. 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का घेतल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने लगेचच सयामच्या दरबारी दूत धाडला. अयुथयाशी थेट संबंध जोडणारे पहिले युरोपीय ते हेच. तिथे डॉमिनिकन पंथाच्या सेंट पीटर चर्चचा पाया उघडा केलेला असून, उत्खननात सापडलेले सांगाडे जागेवरच जतन करून ठेवले आहेत. सामान्य सहलीत हे ठिकाण नसते. खासगी गाडी केली, तर मात्र अर्ध्या तासाची वाट वाकडी करण्यासारखे ते नक्कीच आहे.

भाजीबाजार

बाजारांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहिते. मेक्लाँगला गाडी येते तो क्षण पाच मिनिटांचा असतो. भोंगा वाजतो, विक्रेते छत्र्या आणि ताडपत्र्या मागे ओढतात, चाकांवरच्या फळ्या सरकवतात, भाज्यांच्या काही टोपल्या मात्र रुळांलगतच राहतात आणि गाडी त्यांच्यावरून अलगद निघून जाते. गर्दी इतकी असते की आपल्या आईंना ढकलाढकलीचा त्रास होईल. त्यांना रुळांकडेच्या एखाद्या चहा-कॉफीच्या दुकानात अर्धा तास आधी बसवावे. तिथून दिसतेही छान. गाडी गेल्यावर पर्यटक पांगतात, आणि मग खरा बाजार उरतो, जिथे गावातल्या बायका मासळी, मिरच्या आणि गलांगल (आल्यासारखा कंद) घ्यायला आलेल्या असतात. आखूड अंगाचा ‘प्ला थू’ हा बांगड्याच्या जातीचा मासा वाफवून बांबूच्या टोपलीत मान मोडून बसवलेला दिसेल; तो या गावाचा अभिमान आहे. शाकाहारी माणसाला इथला वास उग्र वाटेल, हे आधीच सांगून ठेवते.

दाम्नन सादुआकचा कालवा 1860 च्या दशकात राजा मोंगकुट याच्या काळात खणला गेला. 32 किलोमीटर लांबीच्या या कालव्याने मेक्लाँग आणि था चिन या नद्या जोडल्या. कालव्याचा इतिहास खरा असला, तरी आजचा बाजार बव्हंशी पर्यटकांसाठीच चालतो. होडीचे भाडे माणशी आहे की होडीमागे, हे बसण्यापूर्वी ठरवावे, आणि पहिल्या सांगितलेल्या किमतीला कोणतीही वस्तू घेऊ नये. शनिवार-रविवार मिळत असेल, तर मी त्याऐवजी जवळचाच था खा हा लहान बाजार सुचवेन. तो थाई चांद्र दिनदर्शिकेप्रमाणे दोन्ही पक्षांतल्या द्वितीया, सप्तमी आणि द्वादशीलाही भरतो. पूर्वी या भागातले बाजार भरतीच्या पाण्याकडे पाहून तिथीवर ठरत, त्याची ही खूण आहे. तिथे वल्ह्यांच्या होड्या असतात, नारळाच्या झाडाच्या रसाचा गूळ करणारी घरे असतात, आणि इंजिनाचा गोंगाट फारसा नसतो.

आता जेवणाविषयी. नुसते ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही, कारण माशाचा रस, म्हणजे ‘नाम प्ला’, जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतो. आपल्या आईंसाठी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. हे चिनी बौद्ध परंपरेतले व्रताचे जेवण असून त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसले, की ते दुकान ‘जे’ जेवणाचे समजावे. बाजारात तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांचे ‘खनोम क्रोक’ मिळतात. त्यांचे भांडे पाहून आईंना आपले आप्पेपात्रच आठवेल. वर कांद्याची पात घातलेली नको असेल, तर घालण्यापूर्वी सांगावे. आंबा आणि चिकट भात, पपनस, शहाळे यांवर दिवस सहज निघतो.

धावती भेट

सर्वांचा सूर एकत्रित सहलीच्या विरोधात लागलेला दिसतो, म्हणून दुसरी बाजू नोंदवतो. मी तरुण सहकाऱ्यांबरोबर अशीच सहल केली होती आणि आम्हाला ती आवडली. दिवस एकच होता, स्वतंत्र गाडी परवडत नव्हती, आणि कोणाला इतिहासाचा अभ्यास करायचा नव्हता. अशा लोकांसाठी ती वाईट नाही. मात्र आमच्या सहलीत एका दागिन्यांच्या दालनात पाऊण तास गेला, जो कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हता. ‘वाटेत खरेदीसाठी थांबा आहे का?’ हे आधी विचारावे. आपल्याबरोबर ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यामुळे आपल्यासाठी माझाही कौल वेगवेगळ्या दिवसांनाच आहे.

कोथरूडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी चर्चा करून आम्ही एकत्रित सहलीचा विचार सोडला आहे. बँकॉकमधील खरेदीचा दिवस रद्द करून, एक दिवस गाडीने केवळ बाजार आणि दुसरा दिवस गाइडसह अयुथया असे ठरवत आहोत. अयुथयाला रेल्वेने जाणे आई-वडिलांना झेपेल का, एवढेच आता विचारायचे राहिले आहे.

रूळवाट

झेपेल, पण गाडी पाहून निवडावी. हुआ लाम्फाँग या बँकॉकच्या जुन्या स्थानकावरून सुटणाऱ्या साध्या गाड्यांचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट अवघे वीस बाटच्या (बाट हे थाई चलन) आसपास असते. बाके मात्र कडक असतात, वातानुकूलन नसते, आणि उशीर ठरलेला असतो. क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावरून सुटणाऱ्या जलद गाड्या अधिक आरामशीर आहेत. अयुथयाचे स्थानक पासाक नदीच्या पूर्वेला, म्हणजे बेटाच्या बाहेर आहे. स्थानकासमोरून नदी ओलांडणारी होडी मिळते, परंतु आपण चौघे असल्यामुळे स्थानकाबाहेरूनच टुकटुक (तीनचाकी रिक्षा) तासांवर ठरवणे सोयीचे पडेल. गोल नाकाडाच्या टुकटुक हे इथले वैशिष्ट्य आहे. गाइडला स्थानकावरच बोलवावे.

सकाळी लवकर वाट महाथात आणि वाट राचाबुराना करावे, भर दुपारी संग्रहालयात बसावे, नंतर वाट फ्रा सी सान्फेत, आणि उतरत्या उन्हात नदीपलीकडचे वाट चायवत्थनाराम, जे राजा प्रासात थोंग याने 1630 मध्ये बांधले. तिथे भाड्याने मिळणारा जुना थाई पोशाख घालून छायाचित्रे काढणाऱ्यांची मोठी गर्दी असते. त्यांच्यामुळे वैतागून लगेच परत फिरू नये, मागच्या बाजूने नदीकाठी जावे, तिथे बसायला जागा असते. परतीचे रेल्वे तिकीट त्या दिवशी काढू नये. सायंकाळी बँकॉकपर्यंत गाडी भाड्याने घ्यावी, म्हणजे वडिलांना घड्याळाकडे पाहत अवशेष पाहावे लागणार नाहीत.