आकडा आधी की शेरा आधी?

शाळेत टक्केवारी जाऊन अ-ब-क अशी श्रेणी आली तरी मुलांमधली तुलना थांबली नाही, तेव्हा पुन्हा गुणच बरे, असं काहीजण म्हणतात. त्यातला तुलनेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ७९ आणि ८० मध्ये एका गुणाचा फरक, पण श्रेणीची सीमा नेमकी तिथे आली की दोन मुलं दोन वेगळ्या गटांत जाऊन बसतात. पण म्हणून पुन्हा गुणच बरे, हे मात्र पटत नाही. प्रश्न अ-ब-क की आकडे हा नाहीच, ते मुलाच्या हातात कधी पडतात हा आहे.

शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुणांसोबत दिलेला शेरा जवळजवळ वाया गेला. मी शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. वही हातात पडली की नजर थेट लाल आकड्यावर, मग शेजारच्याच्या वहीवर, आणि वही बंद! मी रात्री जागून लिहिलेल्या दोन ओळी तशाच राहतात. हल्ली मी निबंध आधी नुसत्या शेऱ्यासह परत देते, मुलं दुरुस्त करून आणतात, गुण त्यानंतर. एका मुलाने परवा पहिल्यांदाच विचारलं, "बाई, इथे 'कारण दे' म्हणजे नक्की काय लिहू?"