ईपीएसच्या कॉलममधलं रबर कपलिंग: मजबूत करायचं की नुसतं बदलायचं?

पान्हा_तेरा

मंडळी, कॉलमवरच मोटर असलेल्या ईपीएसबद्दल (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग) विचारायचं आहे. हॅचबॅक, ८६ हजार किमी. गाडी उभी, इग्निशन चालू, स्टिअरिंग मधोमध ठेवून दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे भराभर हलवलं की डॅशबोर्डखालून टक-टक आवाज येतो. हाताला प्ले अजिबात लागत नाही. खालचा क्रॉस (शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट) घट्ट आहे, क्लॉक स्प्रिंगचा (हॉर्न-एअरबॅगच्या वायरची गुंडाळलेली पट्टी) घासल्यासारखा आवाजही नाही. मोटर आणि वर्म (मोटरचा जोर कॉलमला देणारा स्क्रूसारखा गिअर) यांच्यामधलं स्टारच्या आकाराचं रबर गेलं असणार.

नवीन मूळ रबर टाकलं तर तेही पुन्हा तेवढंच टिकणार, म्हणून कायमचं मजबूत करावं असं डोक्यात आहे. तीन पर्याय दिसतात:
१. पॉलियुरेथेनच्या रॉडमधून (९५ शोअर ए, हे कठीणपणाचं माप) लेथवर स्टार कापून घेणे.
२. टीपीयूमध्ये (लवचिक प्लास्टिक) थ्रीडी प्रिंट.
३. जुनं रबर ठेवून दात आणि रबर यांच्यातली फट एपॉक्सीनं भरणे.

यातलं काय करावं? आणि कॉलम उतरवताना कशाला जपावं?

---

सुकाणू

तिसरा पर्याय आत्ताच सोडून द्या. का, ते आकड्यांनी सांगतो.

समजा कॉलमवर ४० न्यूटन-मीटर मदत मिळते, वर्मचं गुणोत्तर १८:१ आहे आणि कार्यक्षमता ८५ टक्के. तर मोटरच्या शाफ्टवर लागतात ४० ÷ (१८ × ०.८५), म्हणजे जेमतेम २.६ न्यूटन-मीटर. एवढासा जोर साधं रबर आरामात पेलतं. म्हणजे तुमचं कपलिंग ताकद कमी पडून गेलेलं नाही. ते गेलं उष्णतेनं आणि दर वेळी दिशा बदलताना बसणाऱ्या ठोक्यांनी. रबर दबून बसतं, मूळ जाडीवर परत येत नाही, मग कडा झिजून चुरा पडायला लागतो. तुमचा सगळा प्रश्न ताकद वाढवण्याचा आहे, आणि इथे कमी पडलेली गोष्ट आहे दातांमध्ये नीट बसणं आणि दमन (ठोके जिरवणं).

हाताला प्ले का लागत नाही, तेही याच गणितात आहे. कपलिंगमध्ये १० अंशांची मोकळीक पडली तरी स्टिअरिंगवर ती १० ÷ १८, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त. ३८० मिमी व्यासाच्या चाकाच्या कडेवर ती दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण मोटरचा रोटर ते १० अंश मोकळा फिरून मग दातावर आदळतो, आणि स्टिअरिंगच्या बाजूनं पाहिलं तर रोटरचं जडत्व १८ च्या वर्गानं, म्हणजे ३२४ पटीनं मोठं होऊन येतं. तो आदळणं म्हणजेच तुमची टक-टक.

आता एपॉक्सी भरलं, किंवा दोन्ही बाजूंचे धातूचे दात एकमेकांना पक्के केले, तर काय होईल? मोटरचा शाफ्ट आणि वर्मचा शाफ्ट दोन वेगळ्या बेअरिंगांवर बसलेले आहेत, ते शंभर टक्के एका रेषेत कधीच नसतात. ती थोडीशी चूक आजवर रबर गिळत होतं. जोड कडक झाला की ती बेअरिंगांवर जाते आणि प्रत्येक ठोका थेट वर्मव्हीलच्या दातांवर. ते व्हील बहुतेक गाड्यांत नायलॉनचं असतं. रबर स्वस्तात येतं. वर्मव्हील सहसा सुटं मिळत नाही, अख्खा कॉलम घ्यावा लागतो.

एक दिलासा मात्र आहे. हे कपलिंग फक्त मोटरच्या मदतीच्या वाटेवर असतं. तुमच्या हातापासून रॅकपर्यंतचा शाफ्ट सलग धातूचाच आहे. रबराचा पूर्ण भुगा झाला तरी दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत अडकलेले राहतात आणि चाकं वळतात. म्हणून घाईनं काहीतरी कडक करून टाकण्याची गरज नाही. पण मदत अचानक तुटायला लागली किंवा ईपीएसचा दिवा लागला, तर ते रबराचं लक्षण नव्हे. तेव्हा आधी स्कॅनर लावा.

---

साचा_आणि_लेथ

वरचं सगळं बरोबर. मी फक्त मटेरियलबद्दल लिहितो.

लेथवर स्टार होत नाही. लेथवर बाहेरचा व्यास आणि मधलं भोक होईल, पाकळ्यांसाठी मिलिंग किंवा वॉटरजेट लागेल. मऊ पॉलियुरेथेन टूलखाली दबून पळतं, त्यामुळे तुकडा फ्रीजरमध्ये गार करून, अगदी धारदार एका धारेच्या कटरनं हलके कट घ्यावे लागतात. वॉटरजेटमध्ये कडेला थोडा टेपर येतो. तो दिसायला नगण्य असला तरी पाकळी एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल बसते.

कठीणपणा: ९५ शोअर ए या कामाला जास्त आहे. कारखान्यातल्या जॉ कपलिंगच्या स्पायडरमध्ये (म्हणजे अशाच स्टारमध्ये) ८०, ९२, ९८ शोअर ए आणि त्यावर ६४ शोअर डी अशा पायऱ्या मिळतात. जसजसं वर जाल तसतसा जोर जास्त पेलतो, पण रेषेतली चूक आणि ठोका सहन करण्याची कुवत कमी होत जाते. इथे जोर अडीच न्यूटन-मीटर आहे, मग वरची पायरी घेऊन मिळवायचं काय? ८० ते ८५ च्या आसपास राहा. आणि रंगावरून ग्रेड ओळखू नका, बनवणाऱ्यागणिक रंग वेगळे असतात.

पॉलियुरेथेन घेताना तो पॉलिएस्टर जातीचा आहे की पॉलिईथर जातीचा, हे विक्रेत्याला विचाराच. पॉलिएस्टरवाला झिजेला उत्तम, पण ओलावा आणि उष्णता एकत्र आली की त्याची रासायनिक साखळी तुटते. आधी चिकट होतो, मग ठिसूळ होऊन तुटतो. गाडी रत्नागिरी-मालवणकडे उन्हात उभी राहणार असेल तर पॉलिईथर जातीचाच घ्या. हे न विचारल्यामुळे 'पॉलियुरेथेन टाकलं तरी टिकलं नाही' असं लोक म्हणतात.

टीपीयू प्रिंट: तात्पुरतं चालेल. भाग आडवा झोपवून, म्हणजे शाफ्टचा अक्ष उभा ठेवून, शंभर टक्के भरून छापा. मग दाब थरांच्या पातळीतच पडतो आणि थर उलगडत नाहीत. पण मे महिन्यात बंद गाडीतल्या उष्णतेत टीपीयू दबून बसतो आणि फट परत येते.

साच्यात दोन-भागी पॉलियुरेथेन ओतायचं असेल तर पावसाळ्यात करू नका. त्यातलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाकळीच्या आत बुडबुडे राहतात. वरून गुळगुळीत दिसतं, आतून स्पंज. हातमोजे आणि मोकळी हवा तर हवीच, आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला वाईट.

मापं: पाकळी दातांमध्ये अंगठ्याच्या जोरानं जाईल इतकीच घट्ट हवी. हातोडीनं ठोकावी लागली तर ती अक्षाच्या दिशेनं सरकत नाही आणि मोटरच्या बेअरिंगवर सतत रेटा राहतो. जाडी अशी ठेवा की बसवल्यावर अक्षाच्या दिशेनं अर्धा ते एक मिमी मोकळं राहील.

ग्रीसमध्ये बहुतेकजण चुकतात. रबर ईपीडीएम किंवा नैसर्गिक असेल आणि साधं लिथियम ग्रीस लावलं, तर ते तेल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. जुन्या रबराचा तुकडा इंजिन ऑइलमध्ये दोन दिवस ठेवा. ठळक फुगला तर ते तेल सोसणारं नायट्राइल रबर नाही. खात्री नसेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. वर्मव्हीलचं मूळ ग्रीस मात्र पुसू नका, ते नायलॉनसाठीचं वेगळं असतं.

---

पान्हा_तेरा

हे छान उलगडलं. मग नवीन मूळ रबरच टाकतो, नाही मिळालं तर ८५ चं पॉलिईथर. उतरवण्याबद्दल कोणी सांगेल का?

---

डबल_डी

क्रम मोडू नका.

चाकं सरळ करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि किमान ३ मिनिटं थांबा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना त्याआधी हात लावू नका. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवा. तिच्या वायरला मल्टिमीटर लावून 'चेक' करू नका.

काही गाड्यांत खालचं कव्हर काढलं की मोटर जागेवरच सुटते, काहींत अख्खा कॉलम खाली घ्यावा लागतो. आधी टॉर्च घेऊन मोटरचे बोल्ट दिसतात का आणि पान्हा फिरायला जागा आहे का ते बघा. जागेवर जमत असेल तर कॉलम उतरवूच नका, निम्मी जोखीम तिथेच संपते.

उतरवावा लागलाच तर स्टिअरिंग, हब आणि क्रॉसचा योक (काटा) यांच्यावर रंगानं एका रेषेत खुणा करा. क्लॉक स्प्रिंगला लगेच टेप मारा. ते मोकळं फिरलं आणि तसंच बसवलं तर पहिल्याच पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते, हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही जातात. कॉलम खाली येताना तो टॉर्क सेन्सरच्या वायरवर लोंबकळता कामा नये.

मोटर सुटली की ती सरळ मागे ओढा, वाकडी करून उचकटू नका. आतला रबराचा चुरा एक-एक कण वेचून काढा, ब्रेक क्लीनरचा फवारा मारू नका. तो चुरा आणि ग्रीस आत बेअरिंगमध्ये लोटतो. दातांच्या कडेला बर (धातूची उचललेली धार) असेल तर बारीक एमरीनं काढा, नाहीतर नवी पाकळी पहिल्या आठवड्यात कापली जाते. वर्मचा शाफ्ट दोन बोटांत धरून अक्षाच्या दिशेनं हलवून बघा. तिथे खटखट असेल तर नुसतं रबर बदलून आवाज पूर्ण जाणार नाही.

परत जोडताना सगळ्यात महत्त्वाचा आहे योकचा पिंच बोल्ट. स्प्लाइनच्या (कडेला दाते असलेल्या) शाफ्टला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे. शाफ्ट पूर्ण आत गेला नसेल तर बोल्ट अडतो. तो अडला तर ठोकू नका, शाफ्ट पुन्हा बसवा. खाचेबाहेर घट्ट केलेला बोल्ट कसलेला वाटतो, पण योक एक दिवस शाफ्टवरून निसटतो आणि स्टिअरिंग हातात मोकळं फिरतं. बोल्ट नवाच घ्या, आट्यांना मध्यम ताकदीचं निळं लॉकिंग लावा. टॉर्क तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच.

कॉलम उतरवला असेल तर स्कॅनरनं स्टिअरिंग अँगल आणि टॉर्क सेन्सरचा शून्य तपासून घ्या. शून्य सरकलं असेल तर गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला मदत करत राहते आणि माणूस उगाच अलाइनमेंटला पैसे घालतो.

---

घाटमाथा

याच विषयाला जोडून. जुन्या जीपला स्टिअरिंग बॉक्सच्या वर रबर-कॅनव्हासची चकती असते. तिची भोकं लांबट झाली आहेत. गॅरेजवाले दोन उपाय सांगतात: कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कापून घालणे, किंवा दोन्ही फ्लँज वेल्ड करून एक करणे. तिथेही हेच लागू होतं का?

---

सुकाणू

नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. ईपीएसमधलं रबर मदतीच्या वाटेवर असतं. तुमच्या जीपची चकती मुख्य वाटेवर आहे, हाताचा सगळा जोर तिच्यातूनच बॉक्सकडे जातो. ४०० मिमीच्या चाकाला दोन्ही हातांनी २००-२०० न्यूटन लावले तर ८० न्यूटन-मीटर होतात. समोरासमोरच्या दोन बोल्टांमध्ये ६० मिमी अंतर असेल तर प्रत्येक भोकावर सुमारे १३३० न्यूटन, म्हणजे १३५ किलोचा भार. तो दर वळणाला दिशा बदलतो. भोकं लांबट होतात ती त्यामुळे.

कन्व्हेयर बेल्ट दिसायला जाड, पण त्याच्या कापडाची मुख्य ताकद लांबीच्या दिशेनं असते. चकतीला ती सगळ्या दिशांनी सारखी लागते. शिवाय घरी पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते, ओलावा कापडात शिरतो आणि थर सुटतात.

वेल्डिंग तर नकोच. बॉक्स चेसिसवर, कॉलम बॉडीवर आणि बॉडी रबराच्या माउंटवर. खड्ड्यात ही दोन एकमेकांच्या तुलनेत हलतात. जोड कडक केला की ती हालचाल बॉक्सच्या इनपुट शाफ्टला वाकवते. आधी ऑइल सील गळतं, मग बेअरिंग जातं, आणि स्प्लाइनच्या मुळाशी तडा पडू शकतो. वेल्डजवळचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, ते वेगळंच. तो तडा तुटेपर्यंत बाहेरून दिसत नाही.

खरी मजबुती करायची तर पहिला मार्ग म्हणजे धातूच्या बुशी आतच बसवलेली तयार चकती. बोल्ट बुशीवर कसला जातो, रबर चिरडत नाही आणि भोक लवकर लांबत नाही. ज्या कपलिंगमध्ये दोन सेफ्टी पिना असतात, त्या कापू नका. चकती फाटली तर त्या पिनाच फ्लँजमध्ये अडकून गाडी वळवू देतात. साध्या वळणात त्या कडेला टेकत असतील तर चकती संपली, हे त्यांचं सांगणं समजा.

दुसरा मार्ग म्हणजे चकती काढून सरकत्या शाफ्टसह क्रॉस. इथे कोनाकडे बघा. एकच क्रॉस ३० अंशांत बसवला तर एका फेरीत वळण्याचं प्रमाण ०.८७ ते १.१५ असं बदलत राहतं, स्टिअरिंग कुठे जड कुठे हलकं लागतं. दोन क्रॉस असतील तर मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे एकाच पातळीत ठेवा आणि दोन्हीकडचे कोन सारखे. कॉलमचं खालचं टोक बेअरिंगनं धरलेलं नसेल तर आधी ते धरा, चकतीसारखा आधार क्रॉस देत नाही.

---

डबल_डी

एक भर. काही गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग याच जोडातून जातं. रबर वीज नेत नाही म्हणून चकतीवरून वायर किंवा तांब्याची जाळी टाकलेली असते. चकती बदलल्यावर हॉर्न बंद पडला तर रिले शोधत बसू नका, ती वायर बघा.

---

नियम_९८

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ पाहा: स्टिअरिंगवरची मोकळीक ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि जोडांचे बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. ३० अंश म्हणजे ३८० मिमीच्या चाकाच्या कडेवर जवळजवळ १०० मिमी. ही कायद्याची शेवटची हद्द आहे, दुरुस्तीचं लक्ष्य नव्हे. चकती आणि क्रॉस मिळून कडेवर २५-३० मिमी प्ले झाला तरी घाटात गाडी सतत सावरावी लागते.

---

पान्हा_तेरा

समजलं. मोटरचे बोल्ट खालून दिसत आहेत आणि पान्ह्याला जागाही आहे, त्यामुळे कॉलम जागेवरच ठेवून करतो. चेसिस नंबर देऊन मूळ रबर मागवलं आहे. ५०० किमीनंतर मोटरचे बोल्ट पुन्हा तपासू का?

---

डबल_डी

हो, पण नुसतं बघा, पुन्हा कसू नका. बसवतानाच बोल्ट आणि हाऊसिंगवर एक रंगीत रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तरच बोल्ट काढून नवं लॉकिंग लावून बसवायचा.