रविवारी पहाटे खारेपाटात कोण कोण येणार?

बी-302 : रविवारी खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीत, पक्षी बघायला जाऊ या. पावणेसहाला गेटवर जमायचं. पक्षी सप्ताह 5 नोव्हेंबरपासून आहेच, पण आपली सुरुवात आधीच होऊ दे.

ए-104 : काका, आठला निघालो तर नाही का चालणार? मुलं उठत नाहीत हो.

बी-302 : वहिनी, ऊन चढलं की भोवत्या, म्हणजे तो शिकारी पक्षी, उंच निघून जातो. सकाळी तो भातावरून अगदी खालून, पंख जरा वर धरून तरंगत जातो. मादी गडद तपकिरी, डोकं मात्र सायीसारखं पिवळट. मुलांनी हे जवळून बघावं असं मला फार वाटतं. शिवाय रविवारी एकादशी, म्हणजे अकरावी तिथी. अकराची पाऊणपट धरली तर भरती सव्वाआठच्या सुमारास. खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पक्षी, बांधाच्या आत येतात, शेतात आणि जिताडा माशाच्या तळ्यांवर. दोन्ही बघायचं तर पहाटेच निघायला हवं.

सी-201 : मी येतो. पण काका, कापणी चालू आहे ना? परतीच्या पावसाने पुष्कळांचं भात आडवं झालंय.

बी-302 : बरोबर बोललास. म्हणून मोठ्या बांधावरूनच चालायचं, शेतात कोणीही उतरायचं नाही. कापून पसरलेल्या भातावर पाय पडता कामा नये, वर्षाचं एकच पीक असतं त्यांचं. मी शेतकऱ्यांना विचारून ठेवलंय. आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, प्लीज.

ए-104 : बरं, उठवते. सुगरणीचं घरटं मिळेल का? शाळेच्या प्रोजेक्टला हवंय.

डी-103 : वहिनी, घरटं झाडावरच राहू दे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरणींचा अभ्यास केला तो आपल्या अलिबागजवळच्या किहीमलाच. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन बघते, तिला पसंत पडलं तरच पुरं करतो. मग लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! नाकारलेली, नळी नसलेली घरटी अजून लटकत असतील. लेकाला समोर बसून चित्र काढू दे.

सी-201 : किहीमला? हे माहीतच नव्हतं ताई.

डी-103 : उपवासवाल्यांची साबुदाणा खिचडी माझ्याकडे.

ए-104 : सासूबाईही म्हणतायत येते. गुडघ्यांचं जमेल का?

बी-302 : जमेल. बांधाच्या तोंडापर्यंत गाडी जाते. घडीची खुर्ची घेतो, तिथे बसूनही धोबी, गप्पीदास, वेडे राघू असे सगळे पक्षी दिसतात. माझी दुर्बीण त्यांना देतो.